पहिली असाइनमेंट न पाठवणारे तिघे

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचत होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आधी रेग्युलर कॉलेजात शिकवायचो, सहा महिन्यांपूर्वी एका मुक्त विद्यापीठात समंत्रक म्हणून लागलो. माझ्याकडे पदवीच्या पहिल्या वर्षाचे तेवीस जण आहेत, बहुतेक नोकरी-संसार सांभाळून शिकणारे, एकालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. काम म्हणजे असाइनमेंट तपासायच्या, महिन्यातून दोन ऑनलाइन तास घ्यायचे आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. कुणी काही विचारत नाही हा भाग वेगळा.

तर पहिल्या असाइनमेंटची तारीख गेल्या आठवड्यात गेली. वीस आल्या, तीन नाहीत. मी तिघांना मेल टाकला, जो साचा सगळे वापरतात तोच: "आपली असाइनमेंट क्र. १ अद्याप प्राप्त झालेली नाही. ती त्वरित सादर करावी, अन्यथा नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल." चार दिवस झाले, एकाचंही उत्तर नाही. वर्गात असते तर बाकावर नाहीत हे दिसलं असतं, मित्राला विचारलं असतं काय रे कुठेय तो. इथे नुसती यादीत तीन रिकामी घरं.

एक सहकारी म्हणाले मोठी माणसं आहेत, गरज पडली तर विचारतील, तुम्ही कशाला मागे लागताय. मला फोन करावासा वाटतोय पण केला तर नक्की बोलायचं काय तेच कळत नाही. तुमच्यापैकी कुणी असं शिकलंय किंवा शिकवलंय का?

रात्रपाळी

मी त्या तिघांपैकी एक होते. म्हणजे तुमच्या नाही, पण अशाच कुणाच्या तरी यादीतलं रिकामं घर.

पहिल्यांदा नाव घातलं तेव्हा पुस्तकं आली, दोन दिवस नुसती चाळली, वास घेतला, कव्हरं घातली (हसू नका). मग असाइनमेंटचा पहिलाच प्रश्न, "टीकात्मक परीक्षण करा". मला वाटलं टीका करायची म्हणजे लेखकाला नावं ठेवायची, आणि मी कोण नावं ठेवणारी, बारावीनंतर अकरा वर्षांनी पुस्तक उघडलेली बाई. तिथेच अडकले. विषय अवघड नव्हता हो, पुढचे घटक नंतर वाचले तेव्हा सहज कळले. पण प्रश्न नेमकं काय मागतोय, किती लिहायचं, अर्धं पान की चार पानं, हेच माहीत नव्हतं आणि हे विचारायला फोन करायचा म्हणजे आपण किती ढ आहोत ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग तुमच्यासारखाच कार्यवाहीवाला मेल आला. विषयाची ओळ वाचली आणि उघडलाच नाही. आजतागायत उघडलेला नाही, खरंच. पुस्तकं पलंगाखाली गेली.

तीन वर्षांनी परत नाव घातलं. यावेळी कोर्स सुरू व्हायच्या आधीच समंत्रकांचा फोन आला. मला अजून शब्द न् शब्द आठवतो. म्हणाले, "असाइनमेंटसाठी नाही केलाय फोन, पुस्तकं पोचली का तेवढंच विचारायचं होतं." म्हटलं पोचली. मग पुढे फोन चालेल का ते विचारलं, म्हणाले काही अडलं तर सांगा, आणि ठेवला. एवढंच. मग तीन आठवड्यांनी परत. कुठपर्यंत आलात? मी ठोकून दिलं तिसऱ्या घटकापर्यंत. त्यांना कळलं असणार. म्हणाले बरं मग पहिल्या प्रश्नात काय लिहावंसं वाटतंय, इथेच बोलून दाखवा, दोन वाक्यं. मी अडखळत काहीतरी सांगितलं. तर म्हणाले, "हे झालं तुमच्या उत्तराचं पहिलं वाक्य, आता म्हणालात तसंच कागदावर घ्या, मी थांबतो." आणि खरंच थांबले फोनवर. मी पेन शोधत होते आणि ते थांबले होते.

पदवी झाली माझी. फोन करा.

तिरकस

रात्रपाळीताईंचा अनुभव छानच पण मी सहकाऱ्यांच्या बाजूने. मुक्त शिक्षणाचा अर्थच आपल्या वेळेने, आपल्या जबाबदारीवर. पस्तीस वर्षांच्या माणसाला फोन करून अभ्यास झाला का विचारायचं म्हणजे शाळाच झाली की परत. मी स्वतः एक पीजी डिप्लोमा असाच केला, एकदाही कुणाला फोन केला नाही, कुणी केला असता तर वैतागलो असतो. आणि तेवीस जणांना जमेल हो, एकेका अभ्यासक्रमाला हजारो विद्यार्थी असतात, तिथे कोण पेन सापडेपर्यंत फोनवर थांबणार?

गणितमास्तर

तिरकसराव, तुम्ही पीजी डिप्लोमा करताना आधीची एक पदवी खिशात होती ना? म्हणजे अभ्यास कसा करायचा ते शिकून मग आलात. ज्यांच्यासाठी हे दार उघडलंय त्यातल्या बऱ्याच जणांकडे तेच नसतं.

मी या धंद्यात अठ्ठावीस वर्षं आहे म्हणून थोडं लांबण लावतो. टपालाने शिकवणं जुनंच आहे. ब्रिटनमध्ये १८४० ला पेनी पोस्ट सुरू झालं आणि आयझॅक पिटमनने टपालाने शॉर्टहँड शिकवायला घेतलं. त्यातली गंमत धडे पाठवण्यात नव्हती, विद्यार्थी धडा लिहून पाठवायचा आणि तो तपासून परत जायचा, गंमत त्यात होती. पुढे १८५८ पासून लंडन विद्यापीठाने बाहेरच्यांना परीक्षा खुली केली. कुठेही शिका, कसेही शिका, येऊन परीक्षा द्या. दार उघडलं पण आत कुणी हात धरायला नाही, शिकवणीची सोय ज्याची त्याने बघायची. तुम्ही म्हणताय ते हेच मॉडेल, आणि ते चालतं, ज्याला आधीच पोहता येतं त्याला.

ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९६९ ला स्थापन झाली, जानेवारी १९७१ मध्ये पहिले चोवीस-पंचवीस हजार विद्यार्थी एकदम सुरू झाले, प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट नाही. सगळ्यांना टीव्हीवरचे कार्यक्रम आठवतात पण खरी कमाल होती ती प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक ट्यूटर ठेवला त्याची. म्हणजे हजारोंचा प्रश्न तेव्हाही होता. उत्तर असं काढलं की पुस्तकं एकदाच चांगली करून सगळ्यांना द्यायची आणि माणसं मात्र छोट्या गटांमागे वाटायची. कोरीपाटींचे तेवीस हे त्याच हिशोबातले.

आता स्वावलंबनाचं. मायकेल मूर म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं असं की दूरस्थ शिक्षणातलं अंतर मैलांत मोजायचं नाही. शिकवणारा-शिकणारा यांच्यात संवाद किती, अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट, आणि शिकणाऱ्याची स्वतःहून चालायची ताकद किती, या तीन गोष्टींवर ते ठरतं. संवाद कमी केलात तर तेवढी जास्त ताकद विद्यार्थ्याकडे असावी लागते. नसेल तर? ती यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपण बोलत राहावं लागतं. पहिल्या वर्षी जास्त फोन, तिसऱ्या वर्षी कमी. याला शाळा म्हणा हवं तर.

कोरीपाटी

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तो मेल मीच लिहिलाय असं वाटून कानकोंडं झालं.

मास्तर, आलेल्या वीस असाइनमेंटचंही विचारायचं होतं. मी त्यावर काय लिहितोय ते बघा, खरं सांगतो: "मुद्दे अपुरे. संदर्भ नाहीत. भाषा सुधारा. ४/१०."

गणितमास्तर

आई गं.

रागावू नका पण हे शेरे आहेत, शिकवणं नाही. वर्गात तुम्ही तासभर बोलता आणि वहीवर चार शब्दांचा शेरा मारला तरी चालून जातं कारण शिकवून झालेलं असतं. इथे त्या विद्यार्थ्याला तुमचा आवाज फक्त त्या कागदावरच भेटतो. असाइनमेंटवरचं लिखाण हाच तुमचा तास.

"मुद्दे अपुरे" वाचून तो काय करणार? आता हेच बघा: "दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही तुमच्या कारखान्यातल्या शिफ्टचं उदाहरण दिलंय ते नेमकं बसतं, तिथे मी थांबून परत वाचलं. पण ते उदाहरण काय सिद्ध करतं ते तुम्ही माझ्यावर सोडलंय. त्याच्याखाली 'यावरून असं दिसतं की' असं लिहून एक वाक्य जोडून बघा. पुढच्या असाइनमेंटमध्ये फक्त एवढं एकच करा, प्रत्येक उदाहरणाखाली एक वाक्य." हे वाचून माणूस उठून काहीतरी करू शकतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा, सात सांगितल्या तर एकही होत नाही. आणि मार्क पहिल्या ओळीत टाकू नका, मार्क दिसले की खालचं वाचत नाहीत.

आणि परत किती दिवसांत देताय? दुसरीची तारीख उलटल्यावर पहिली हातात पडली तर त्या मेहनतीचा काय उपयोग, सांगा.

दूरस्थ शिक्षणाचे अभ्यासक, स्वीडनचे होल्मबर्ग तर म्हणायचे की पाठ्यपुस्तकसुद्धा गप्पा मारल्यासारखं लिहावं, शिकणाऱ्याला वाटलं पाहिजे की कुणीतरी आपल्याशीच बोलतंय. आपली काही स्वयं-अध्ययन पुस्तकं वाचली की वाटतं कोर्टाची नोटीस बोलतेय.

खिडकी_नंबर_चार

मी शिकवत नाही, मी हेल्पडेस्कवर बसते, त्यामुळे मला मोठ्या लोकांची नावं माहीत नाहीत. पण सगळे अभ्यासाबद्दलच बोलताय म्हणून लिहिते. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ फोनचा अभ्यासाशी काही संबंध नसतो. पासवर्ड चालत नाही. पत्ता बदललाय, पुस्तकं जुन्या पत्त्यावर गेली. परीक्षेच्या फॉर्मवर विषयाचा कोड चुकलाय. फी भरली पण पावती दिसत नाही.

आणि हे फोन कसे फिरतात तेही ऐका. मुलगी फोन करते, तिला सांगतात हे परीक्षा विभागाचं, परीक्षा विभाग म्हणतो अभ्यासकेंद्राला विचारा, केंद्र म्हणतं पोर्टलवर बघा, पोर्टल म्हणतं हेल्पडेस्कशी संपर्क साधा. माझ्यापर्यंत येते तेव्हा ती रडायच्या बेतात असते आणि वर मलाच सॉरी म्हणते. सॉरी! चूक कुणाची आणि सॉरी कोण म्हणतंय.

आम्ही चौघींनी मिळून एक सोपा नियम केला, वरून कुणी सांगितला नाही. ज्या बाईने फोन उचलला तीच शेवटपर्यंत बघणार. माझ्या हातात नसेल तर ज्याच्या हातात आहे त्याला मी फोन करणार, विद्यार्थ्याला करायला लावणार नाही, आणि संध्याकाळी मी त्याला परत कळवणार, काम झालं नसेल तरी "झालं नाही, उद्या परत बघते" असं कळवणार. सुरुवातीला वाटलं काम वाढेल. उलट कमी झालं, कारण एकच माणूस पाच ठिकाणी पाच फोन करायचा तो आता एकच करतो.

कोरीपाटी सर, तुमच्या तिघांपैकी एकाला तरी पुस्तकंच मिळालेली नसणार. पैज.

गणितमास्तर

खिडकीताई, तुम्ही जे सांगितलंत त्यावर ॲलन टेट या अभ्यासकाने २००० साली लेख लिहिलाय. विद्यार्थ्याला आधार तीन प्रकारचा लागतो म्हणतो: अभ्यास समजायला, मन टिकायला आणि यंत्रणा सुरळीत चालायला. आम्ही मास्तर लोक पहिल्यावरच बोलत बसतो. तिसरं बिघडलं की पहिली दोन आपोआप बिघडतात.

आकडेमोड

तिरकस यांचा हजारोंचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, तो हसण्यावारी नेऊ नये. पण नुसतं साहित्य खुलं ठेवून काय होतं ते आपण मोठ्या प्रमाणावर बघून झालंय. २०११ मध्ये स्टॅनफर्डमध्ये शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स नेटवर फुकट ठेवला, एक लाख साठ हजारांच्या आसपास लोकांनी नाव घातलं, पूर्ण केला वीस-बावीस हजारांनी. तेही त्या मानाने चांगलंच म्हणायचं, त्यानंतरच्या बहुतेक मूक (MOOC, म्हणजे नेटवर सगळ्यांना खुल्या) कोर्सेसमध्ये शंभरात दहाही टिकत नव्हते. आता तिथे बरेच जण नुसते डोकावायला येतात, त्यामुळे पदवीशी थेट तुलना करू नये हे मान्य.

फोनबद्दल मात्र नीट प्रयोग झालेत. ओर्मंड सिम्पसन हे ओपन युनिव्हर्सिटीतच होते, तिथे नव्या विद्यार्थ्यांचे दोन गट करून एकाला कोर्स सुरू व्हायच्या आधी फोन केले, दुसऱ्याला नेहमीसारखं सोडलं. फोनवाले काही टक्क्यांनी जास्त टिकले. काही टक्केच, जादू नाही. पण हजारोंचे काही टक्के म्हणजे किती माणसं ते करा गणित. त्यांचा मूळ मुद्दा रात्रपाळी यांनी लिहिलाय तोच, ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज असते तो सगळ्यात कमी विचारतो. मदत घेऊन खिडकीत बसलात तर येतात ते बहुतेक असेही पास होणारेच.

अजून एक, आता यावर सॉफ्टवेअर विकणारे येतील, धोक्यातले विद्यार्थी आम्ही ओळखून देतो म्हणतील. उपयोग होतो त्याचा, लॉगिन थांबलं की कळतं. पण आकडे तपासून घ्या. पर्ड्यू विद्यापीठात कोर्स सिग्नल्स नावाची पद्धत होती, लाल-पिवळा-हिरवा दिवा. सिग्नल्सवाले दोन किंवा जास्त कोर्स केलेले विद्यार्थी बरेच जास्त टिकतात असा गाजावाजा झाला. २०१३ मध्ये लोकांनी विचारलं, अहो जो जास्त टिकला त्यालाच जास्त कोर्स करायला मिळणार ना? कारण आणि परिणाम उलटे लावले होते. दिवा लाल झाला हे कळणं वेगळं आणि त्यानंतर कुणी फोन उचलणं वेगळं.

तिरकस

पर्ड्यूचं माहीत नव्हतं, मस्त आहे. फोनचे आकडेही मान्य, नियंत्रित गट असेल तर मी गप्प बसतो. अर्धा.

उरलेला अर्धा असा की फोन नकोच असणारेही असतात त्यांचं काय? मला खरंच नको होता.

रात्रपाळी

मग पहिल्या फोनमध्येच विचारायचं ना. पुढे फोन चालेल, मेसेज चालेल की नको. आमच्या सरांनी विचारलं होतं. आमच्या गटात एकाने नको सांगितलं, त्याला परत केला नाही. संपलं.

ब्रेलबिंदू

उशिरा येतोय. मला दिसत नाही, मी स्क्रीनरीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून हा धागा ऐकतोय, वाचत नाहीये. दूरस्थ शिक्षण हे खरं तर माझ्यासारख्यांसाठी वरदान, घरातून निघून वर्ग शोधायची कटकट नाही. एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर २००६ पासून फुकट मिळतोय, म्हणजे माझ्या बाजूची तयारी झालेली आहे.

आणि मग विद्यापीठ पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ पाठवतं. डोळ्यांना ती अक्षरं दिसतात, माझ्या मशीनला तो एक फोटो असतो. मी फाइल उघडतो आणि काय ऐकू येतं माहितीये? "रिकामा दस्तऐवज." दोनशे चाळीस पानं आणि रिकामा दस्तऐवज. मी कळवलं तर उत्तर आलं, फाइल व्यवस्थित आहे, आमच्याकडे उघडते.

ज्या वर्ड फाइलवरून ते पुस्तक छापलं ती कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर असतेच. तीच पाठवा. शीर्षकं नुसती ठळक करू नका, शीर्षक म्हणूनच टाका, म्हणजे मला एका घटकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. आकृतीखाली ती काय दाखवते ते दोन ओळींत लिहा. व्हिडिओमध्ये मास्तर म्हणतात "हे इथे बघा, हे असं इकडून असं जातं", त्याऐवजी कुठून कुठे ते तोंडाने बोला. हे सगळं केलं की फोनच्या छोट्या स्क्रीनवर वाचणाऱ्यांचंही भलं होतं, आणि ते बहुसंख्य आहेत.

खिडकी_नंबर_चार

"आमच्याकडे उघडते" हे उत्तर मीसुद्धा दिलंय लोकांना. आता नाही देणार.

मधलीसुट्टी

एक उलटा मुद्दा. टिकवा टिकवा सगळे म्हणताय पण प्रत्येकाला त्याच वर्षी टिकवायलाच हवं का? माझ्या दुसऱ्या वर्षाला वडील अंथरुणाला खिळले. मला तेव्हा प्रोत्साहन नको होतं, "तुम्ही करू शकता" वगैरे ऐकून तर डोकं फिरायचं. मला हवं होतं की कुणीतरी सांगावं, थांबा, झालेले विषय राहतात, नोंदणी अमुक मुदतीपर्यंत चालते, परत येताना हा एवढा फॉर्म भरायचा. हे मला दोन वर्षांनी योगायोगाने कळलं. तोवर मी समजून बसलो होतो की झालं, गेलं सगळं वाया. फोन करणाऱ्याच्या हाताशी हीसुद्धा माहिती असू दे. जाणाऱ्याला दार कुठल्या बाजूने परत उघडतं ते दाखवून सोडा.

कोरीपाटी

मंडळी, केले तिन्ही फोन. करायच्या आधी अर्धा तास खोलीत येरझाऱ्या घालत होतो, नोकरीच्या मुलाखतीला जातोय असं.

पहिला: खिडकीताई पैज जिंकल्या. बदली झालीय, पुस्तकं जुन्या पत्त्यावर. त्यांना वाटत होतं की उशीर झालाय म्हणजे प्रवेशच रद्द झाला असेल, म्हणून गप्प. पत्ता मीच बदलून घेतला, त्यासाठी मलाही तीन विभाग फिरावे लागले, आणि मी आतला माणूस.

दुसरा: घरी आजारपण. मधलीसुट्टी, तुमचं वाचलेलं होतं म्हणून बरं झालं, नाहीतर मी "प्रयत्न करा, जमेल" सुरू केलं असतं. नियम आधी वाचून ठेवले होते. या वर्षी थांबतायत. फोन ठेवताना त्यांचा आवाज मोकळा वाटला. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं, ते माझं मी बघतो.

तिसरी: "पुस्तकं पोचली का" म्हटलं, हो म्हणाल्या. मग बराच वेळ कुणीच काही बोलेना. मग त्याच म्हणाल्या, सर, लिहून तयार आहे, चौदा दिवस झाले, पण दीडच पान झालंय, बाकीचे दहा-दहा पानं पाठवतात म्हणे ग्रुपवर, म्हणून पाठवलं नाही. म्हटलं आहे तसं आत्ता पाठवा, मी फोनवर आहे. फोटो काढून पाठवलं.

ते दीड पान माझ्यासमोर आहे. वीस जणांत इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. मास्तर, पहिली ओळ अशी लिहिलीय, बघा चालते का: "शेवटून तिसरं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. त्यातला 'कारण' हा शब्द फार महत्त्वाचा आहे, त्याच्यापुढे अजून दोन ओळी हव्या होत्या, का थांबलात?"

गणितमास्तर

चालते. मार्क खाली टाका.

रात्रपाळी

आणि त्या वीस जणांच्या "भाषा सुधारा"चं काय?

कोरीपाटी

परत मागवल्यात. आठ झाल्या, बारा बाकी. एकेकीला चाळीस मिनिटं लागतायत, वेळापत्रकात धरलीयत पंधरा. तो साचा मेलमधून उडवला, पण सिस्टिम आपली आपण तारीख उलटल्यावर तसलाच एक पाठवते असं आज कळलं, तो कुठून बंद करायचा ते कुणालाच माहीत नाही. खिडकीताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.